दार उघडं, पोथी कुलपात: महानुभाव पंथ आणि आपला बुलढाणा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा पूर्ण मजकूर. बोलताना जे "अं... म्हणजे..." येतं ते काढून टाकलंय, बाकी सगळं जसंच्या तसं.

मागच्या फ्रीमेसनवाल्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, ही सिक्रेट सोसायटीची भानगड युरोपातच होती काय? आपल्या वऱ्हाडात असं काहीच नव्हतं?" होतं ना. फ्रीमेसनांच्या चारशे वर्षं आधीपासून होतं, आजही आहे, आणि त्याचे धागे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जातात. त्याची स्वतःची गुप्त लिपी होती. आणि गंमत म्हणजे आत यायला जात आड येत नव्हती.

मी महानुभाव पंथाबद्दल बोलतोय.

आधी फ्रीमेसनांची उजळणी

ज्यांनी मागचा भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १७१७ साली लंडनमध्ये फ्रीमेसनांची पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली. तत्त्व काय, तर सगळे सदस्य एकमेकांचे भाऊ. धर्म कुठलाही असो, दर्जा कुठलाही असो. ऐकायला फारच छान. पण मुंबईत माणेकजी कर्सेटजी नावाच्या पारशी गृहस्थांना सदस्य व्हायचं होतं, तेव्हा इथल्या गोऱ्या भावांनी त्यांना घेतलं नाही. शेवटी ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली, ती खास भारतीयांना प्रवेश देण्यासाठी. म्हणजे 'सगळे भाऊ' हे तत्त्व मुंबईत भारतीय माणसाला लागू व्हायला सव्वाशे वर्षं लागली. आणि बहिणींचा प्रश्न तर त्यांच्या जुन्या शाखांमध्ये आजही तसाच आहे.

आता हे डोक्यात ठेवा आणि माझ्याबरोबर तेराव्या शतकात चला.

लोणार, मेहकर आणि एक फिरता माणूस

चक्रधर स्वामी मूळचे गुजरातचे, भडोचच्या बाजूचे. सगळं सोडून ते वऱ्हाडात आले. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू हे त्यांचे गुरू. त्यानंतर कितीतरी वर्षं ते गोदावरीच्या काठानं, मराठवाड्यात, वऱ्हाडात पायी फिरत राहिले. आपल्याकडे मेहकरला आले, लोणारला आले. लोणारला यादव राजा कान्हरदेव त्यांना भेटल्याचा प्रसंग पंथाच्या ग्रंथात आहे. आपण लोणारला जातो, सरोवराचा फोटो काढतो, उल्का किती मोठी होती यावर बोलतो आणि परत येतो. त्याच काठावर मराठी वाङ्मयातला एक प्रसंग घडलाय, हे शाळेच्या सहलीत कुणी सांगत नाही.

त्यांचं म्हणणं तेव्हाच्या मानानं भलतंच धाडसी होतं. देव एकच, परमेश्वर. गावोगावचे नाना देव, त्यांचे नवस, कर्मकांड यांनी मोक्ष मिळत नाही. मोक्षाचा अधिकार सगळ्यांना, बाई असो की पुरुष, ब्राह्मण असो की शूद्र. संन्याशानं भिक्षा मागायची ती चारी वर्णांच्या घरी. साठवायचं नाही, एका जागी रुतून बसायचं नाही, कुठल्याही जिवाला मारायचं नाही. गोविंदप्रभूंच्या चरित्रात तर ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांच्या वस्तीत बिनधास्त जातात, असे प्रसंग आहेत. आठशे वर्षांपूर्वीच्या गावात याचा अर्थ काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

पंथाचे दोन भाग पडतात. एक संन्यास घेतलेले, आणि दुसरे घरसंसार सांभाळून उपदेश घेतलेले, त्यांना वासनिक म्हणतात. एकमेकांना भेटले की 'दंडवत' म्हणायचं. आमच्या चिखलीला गल्लीत एक आजी होत्या, समोरून शाळेतलं पोरगं आलं तरी हात जोडून "दंडवत" म्हणायच्या. आम्हाला लहानपणी त्याचं हसू यायचं. मोठ्या माणसानं लहान्याला दंडवत कशाला घालायचा? आता वाटतं, मुद्दा तोच होता. समोरच्याचं वय, जात, पगार काही न बघता पहिला नमस्कार आपण करायचा.

बायका आणि त्यांची भाषा

सुरुवातीच्या मंडळींत बायका किती होत्या, बघा. बाइसा, उमाइसा, महदाइसा. यातली महदाइसा म्हणजे मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री. तिचे 'धवळे' आजही एमएच्या अभ्यासक्रमात असतात. ती सतत प्रश्न विचारायची. हे असं का, ते तसं का. आणि तिला कुणी "गप बस" म्हटलं नाही, उलट तिच्या चिकित्सक स्वभावाचं कौतुकच झालं.

पाळीच्या विटाळाचा प्रश्न आला तेव्हा चक्रधरांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. त्याचा आशय असा की शरीराच्या दारांतून जसा शेंबूड येतो, मळ येतो, तसंच हे. शरीराचा धर्म आहे, विटाळ कसला? हे तेराव्या शतकातलं आहे, मंडळी. आजही आपल्या तालुक्यात किती घरांत पोरीला त्या चार दिवसांत बाजूला बसवतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

दुसरी गोष्ट भाषेची. चक्रधरांनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. पंथात संस्कृतचे मोठे पंडित होते, त्यातले एक केशोबास. ते संस्कृतात लिहू-बोलू लागले तेव्हा नागदेवांनी त्यांना थांबवलं. कारण साधं होतं. तुम्ही संस्कृतात लिहिलंत तर माझ्या या म्हाताऱ्या बायकांनी काय करायचं? त्यांचं तर नुकसान होईल.

मी रोज सॉफ्टवेअर बनवतो. आमच्याकडे 'युजर कोण आहे' यावर तासन् तास मीटिंग चालतात. नागदेवांनी एका वाक्यात ठरवून टाकलं, आपला युजर म्हणजे ती म्हातारी. तिला कळेल त्या भाषेत लिहा.

आठवणींचं काटेकोर रेकॉर्ड

चक्रधर गेल्यावर, म्हणजे पंथाच्या भाषेत त्यांनी उत्तरापंथे प्रयाण केल्यावर, म्हाइंभट नावाच्या पंडितानं त्यांच्या आठवणी गोळा करायचं काम हातात घेतलं. ज्यानं ज्यानं स्वामींना पाहिलं होतं त्याच्याकडे जायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं, नागदेवांना दाखवून खात्री करायची. १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' तयार झालं. मराठी गद्यातला हा पहिला मोठा ग्रंथ. त्यात तत्त्वज्ञान आहेच, पण त्याबरोबर त्या काळचं जेवण, कपडे, बाजार, भांडणं, घरातली बोलणी असं सगळं जिवंत येतं.

माझ्यासारख्या माणसाला यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे 'वासना'. इथं वासनाचा अर्थ आपण समजतो तो नाही. एकाच प्रसंगाची दोन माणसांची आठवण वेगळी असेल, तर अमक्याच्या मते असं आणि तमक्याच्या मते तसं, हा पाठभेद म्हणजे वासना. एकच बरोबर ठरवून दुसरी खोडायची नाही, दोन्ही नावानिशी ठेवायच्या. कोडमध्ये कुणी काय बदललं याचा इतिहास आम्ही ठेवतो ना, त्याच वळणाचं काम.

असाच दुसरा ग्रंथ म्हणजे 'स्थानपोथी'. स्वामी कुठं बसले, कुठं निजले, देऊळ कुठल्या दिशेला, दार कुठं, याची गावागणिक नोंद. आज महाराष्ट्रातली जुनी देवळं शोधणारे अभ्यासक ही पोथी हातात धरून फिरतात. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून, अजिंठा-बुलढाणा रस्त्यावर जाळीचा देव आहे, तिथं पौर्णिमेला आपल्याकडची किती माणसं जातात! स्वामींचे पाय लागलेल्या अशा जागा पंथानं शतकानुशतकं जपल्या.

आता कुलूप

इथपर्यंतची गोष्ट दार उघडण्याची. आता कुलपाची.

यादवांचं राज्य मोडलं, स्वाऱ्या सुरू झाल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली असं पंथाची परंपरा सांगते. पुढं जे टिकलं ते लोकांच्या पाठांतरातून पुन्हा उभं केलेलं. आणि मग चौदाव्या शतकात रवळोबास या महानुभाव कवीनं 'सकळ लिपी' तयार केली. 'सह्याद्रिवर्णन' लिहिणारा हाच तो. सकळमध्ये अक्षरांची अदलाबदल असते, एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह. पुढं सुंदरी, पारमांडल्य, अंक लिपी अशा आणखी कितीतरी लिप्या झाल्या. आतली भाषा मराठीच, पण किल्ली नसेल तर पान समोर असूनही काही वाचता येत नाही.

का केलं असेल? कारणं अभ्यासक वेगवेगळी सांगतात. परचक्रात ग्रंथ वाचावेत म्हणून. विरोधकांच्या हाती पडून त्यांची टर उडवली जाऊ नये म्हणून. ज्यानं उपदेश घेतलेला नाही त्याच्यापर्यंत गुरूचे शब्द जाऊ नयेत म्हणून. बहुधा सगळ्यांचं थोडं थोडं असावं.

तांत्रिक बाजूनं बघाल तर ही लिपी काही फार अवघड नाही. कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजत गेलात की अदलाबदलीचं कुलूप उघडतं. ही युक्ती बगदादच्या अल-किंदीनं नवव्या शतकातच लिहून ठेवलेली होती. तरीही सकळ लिपी साडेपाचशे वर्षं टिकली, कारण खरं कुलूप लिपी नव्हतंच. पोथी बाहेरच्याच्या हातात जात नव्हती, आणि किल्ली गुरूकडून शिष्याकडे तोंडी जात होती. मोजायला पानच मिळालं नाही तर मोजणार काय?

याचा एक मोठा फायदा आपल्या सगळ्यांना झाला. ज्ञानेश्वरी लोकांत इतकी फिरली की नक्कल करताना पाठ बिघडत गेले, आणि १५८४ साली एकनाथांना बसून तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. महानुभावांच्या पोथ्यांतही पाठभेद आहेत, पण कुलपात राहिल्यानं यादवकाळातली मराठी त्यात बरीचशी तशीच राहिली. जुनी मराठी कशी बोलली जायची हे शोधायचं असेल तर अभ्यासकांना या पोथ्यांकडेच यावं लागतं.

कुलपाची किंमत

पण किंमतही मोजावी लागली, आणि ती पंथानंच मोजली.

जे दिसत नाही त्याबद्दल लोक वाट्टेल ते बोलतात. हे लोक लपवून काय वाचतात? काहीतरी काळंबेरं असणारच. मराठीत म्हणच पडली, "करणी कसायाची, बोलणी मानभावाची". म्हणजे गोड बोलणारा ढोंगी. ज्यांच्या आचारात मुंगी मारायचीही मनाई, त्यांच्या नावाची जोडी कसायाशी लावली. वेद, वर्ण, देवदेवता यांवर वेगळं मत असलेला पंथ सनातन्यांच्या डोळ्यांत खुपत होताच. १७८२ साली पेशवाईतून मानभावांना धर्माबाहेरचं ठरवणारं आज्ञापत्रही निघालं. उत्तर द्यायचं तर पोथी दाखवावी लागणार, आणि पोथी तर कुलपात.

दुसरी किंमत अशी की एकोणिसाव्या शतकात मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला जाऊ लागला, तेव्हा त्यात महानुभावांचं पान जवळजवळ कोरं होतं. महदाइसा नाही, म्हाइंभट नाही, लीळाचरित्र नाही. ज्या म्हाताऱ्या बायकांसाठी मराठीत लिहिलं, त्यांच्या पणतींच्या पणतींना ते आपल्या भाषेत आहे हेच माहीत नव्हतं.

नरवेलचा माणूस

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुलूप उघडायला लागलं. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी लिपीचा उलगडा केला. पंथातल्या काही महंतांनीही मन मोठं करून पोथ्या दाखवल्या. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी पुढं काम नेलं.

आणि मग येतात आपले विष्णू भिकाजी कोलते. जन्म २२ जून १९०८, गाव नरवेल, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा. मलकापूरवाल्यांनो, कॉलर ताठ करा. भास्करभट्ट बोरीकर या महानुभाव कवीपासून त्यांचा अभ्यास सुरू झाला आणि मग आयुष्यच त्यात गेलं. महानुभावांचं तत्त्वज्ञान, आचारधर्म, चक्रधरांचं चरित्र, स्थानपोथीचं संपादन, एकेक ग्रंथ म्हणजे काही वर्षांची मेहनत. मध्ये ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पुढं पद्मश्रीही मिळाली.

१९७८ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र छापलं. सातशे वर्षांचा मजकूर एका जाडजूड पुस्तकात, कुणीही वाचावा असा.

आणि वाद पेटला. त्यातल्या काही लीळांमुळे स्वामींची प्रतिमा मलिन होते, असा पंथातल्या अनेकांचा आक्षेप होता. प्रकरण कोर्टात गेलं, पुस्तकाच्या विक्रीवर गदा आली. ज्या माणसानं पंथाला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाचं पान मिळवून दिलं, त्याच्यावरच पंथातून टीका झाली.

आता इथं कोलते हीरो आणि पंथ व्हिलन असं करून मोकळं होता येईल. रील बनवायची असेल तर तेवढं पुरे. पण मी पंथातल्या एका ज्येष्ठ बाबांशी यावर बोललो, आणि त्यांचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "दादा, तुमच्या आजोबांची डायरी कुणी न विचारता छापली, तर तुम्हाला काय वाटेल? त्यात शंभर चांगल्या गोष्टी असतील. लोक वाचतील मात्र ती एकच." पुढं म्हणाले, "आम्ही सहाशे वर्षं हे पाठीवर वाहिलं. छापखान्यानं नाही."

यात तथ्य आहे. पण दुसरीही बाजू आहे. म्हाइंभटानं वासना खोडल्या नव्हत्या. न पटणारी आठवणही नाव घालून ठेवायची, ही पद्धत कोलत्यांनी बाहेरून आणलेली नाही, ती पंथाचीच आहे. माझ्या मते कोलते त्या जुन्या पद्धतीला जास्त धरून होते.

परंपरा बदलते म्हणजे काय

आणखी एक किस्सा. चक्रधरांनी शिष्यांना सांगितलं होतं की महाराष्ट्रातच राहा, कानडी आणि तेलंग देशात जाऊ नका. आणि पंथ पोचला कुठं? पंजाबात. तिथं त्यांना जयकृष्णी म्हणतात. पेशावर, काबूलपर्यंत त्यांचे मठ होते. म्हणजे तिकडं मठांत मराठी पोथ्या वाचल्या जात होत्या! नियम अक्षरशः पाळला असता तर हे झालं नसतं.

म्हणून कुणी "आमची परंपरा कधीच बदलली नाही" म्हटलं की मला हा पंथ आठवतो. पंथानं लिपी बदलली, प्रांत बदलला, भटकणाऱ्या संन्याशांचे मठ झाले, मठांचे आश्रम झाले. आज महंतांची निरूपणं यूट्यूबवर आहेत आणि पंचांग व्हॉट्सॲपवर येतं. बदल होतच असतो. प्रश्न एवढाच की बदलताना काय सोडायचं आणि काय नाही.

मला विचाराल तर सोडू नये अशी गोष्ट नागदेवांनी सांगून ठेवलीय, ती म्हातारी. आणि त्याच मापानं आज पंथाकडं बघितलं तर काही प्रश्न उरतात. महदाइसाच्या पंथात आज संन्यासिनी भरपूर आहेत, पण गादीवर बहुतेक पुरुषच का? चारी वर्णांच्या घरी भिक्षा मागणाऱ्यांच्या अनुयायांच्या घरी आज लग्नं कशी जुळतात, बायोडेटात जातीचा रकाना असतो की नाही? हे मी बोट दाखवायला म्हणत नाही. हाच प्रश्न वारकऱ्यांना लागू आहे, फ्रीमेसनांना लागू आहे, आणि आमच्या ऑफिसलाही. आमच्याकडे भिंतीवर 'सगळ्यांचं स्वागत' लिहिलंय आणि लंच टेबलं मात्र कॉलेजवार वाटलेली.

मग आपण काय करायचं

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी मराठीचं जुनेपण दाखवताना लीळाचरित्रासारख्या ग्रंथांचा मोठा आधार होता. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. ज्यांची कधी म्हणीत टिंगल झाली, त्यांच्याच गावात भाषेचं विद्यापीठ! पण दर्जा मिळाला म्हणून पोथ्या आपोआप वाचत नाहीत. वाळवी अभिजात-बिभिजात काही बघत नाही.

तर एक विनंती. तुमच्या घरी, मामाच्या गावी, एखाद्या जुन्या मठात कापडात बांधलेली पोथी असेल, तर ती रद्दीत किंवा नदीत जाऊ देऊ नका. कोरड्या जागी ठेवा. फोनमध्ये फोटो काढायचे असतील तर ज्यांची पोथी आहे त्यांना आधी विचारा, आणि फोटो काढले तरी परवानगीशिवाय ग्रुपवर टाकू नका. बाबांचा डायरीवाला मुद्दा तेवढ्यापुरता मला पूर्ण पटलाय. पोथी कुठली, कुणाची, केव्हापासून घरात आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा, नावं घालून. म्हाइंभटानं तेच केलं होतं.

लोणार-मेहकरकडची मंडळी असाल आणि तुमच्या गावात स्वामींचं स्थान असेल, तर कळवा. एका रविवारी गाडी काढून जाऊ आणि तिथूनच एक भाग रेकॉर्ड करू.

पुढच्या भागात सिंदखेडराजा. तोवर, दंडवत.